तांब्याचं तोंड

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर पितळेचा तांब्या, शेजारी वांगं नाहीतर कांदा, मागे चुण्या पडलेलं कापड. खरी परीक्षा तांब्याच्या तोंडाची. ते गोल असतं, पण बाकावरून दिसतं लंबवर्तुळ. नजरेच्या पातळीपासून कड जितकी खाली, तितकं लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणून बुडाची रेघ जास्त वाकवायची. दोन्ही टोकांना कोपरा येता कामा नये, हे आमच्या बाईंनी हात धरून शिकवलं.

तेव्हापासून मी घरातल्याच वस्तू काढत आले. कुकरची वाफ जिरेपर्यंत एक रेखाटन सहज होतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वही घेऊन गेले की पाय अडकित्त्यांपाशी थांबतात. सुपारी कातरायच्या हत्यारावर कुणा कारागिराने केवढा जीव लावलाय! दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, भांडी, पेट्या जमवल्या, संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलं आणि पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. घरातल्या वस्तूंचा एवढा मान दुसरीकडे मी पाहिला नाही.

इटलीतल्या बोलोन्याचा जॉर्जो मोरांदी (1890–1964) वर्षानुवर्षं त्याच बाटल्या नि बरण्या रंगवत राहिला. त्यांच्यावर साठलेली धूळही तो तशीच राहू देई. त्याची चित्रं मला फार प्रिय आहेत. तरी माझा ओढा धुळीपेक्षा झिजेकडे. झिजेत वापरणारे हात दिसतात.

सासूबाईंच्या विळीचंच बघा. धार लावून लावून पातं मधे अरुंद झालंय, खवणीचे दाते बोथटलेत. पाटावर जिथे त्या पाय दाबून बसत, तिथे लाकूड किंचित खोलगट आहे. त्या खोलगटपणाला कड नाही, त्यामुळे रेघ मारताच येत नाही. मऊ पेन्सिल आडवी धरून नुसत्या छायेवर तो उमटवावा लागतो; जरा दाब वाढला की लाकडाला भोक पडल्यासारखं दिसतं. हे चित्र मी पुन्हा पुन्हा काढते.

सध्या आईच्या रुखवतातला स्टीलचा डबा समोर आहे. त्यावर तिचं माहेरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय. अक्षरं गोलाव्यावरून वळत जातात आणि आडनाव पलीकडे नाहीसं होतं. डबा फिरवून आडनाव पुढे आणलं, की नाव मागे जातं. तेव्हा दोन चित्रं काढायची ठरवली आहेत.