लंडनच्या परसात किल्ला

पुणे

चि. सोनूस,


परवा फोनवर तू एकापाठोपाठ दोन गोष्टी विचारल्यास. परसात मांडायच्या झोपाळा-घसरगुंडीची किंमत ऐकून तू थक्क झालीस, मग पोराला स्वस्तात काय खेळायला द्यावं, ही एक. आणि आमच्या सोसायटीतल्या किल्ल्याचा फोटो बघून ईशानने विचारलं, “दिवाळीत किल्ला कशाला?” त्याला काय सांगू, ही दुसरी. मला दोन्हींचं उत्तर एकच दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ईशानचं. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर पाऊस नुकताच गेलेला असतो. जमिनीत ओल असते, पण राड नसते. माती थापली की बसते. सहामाही परीक्षा आटोपलेली, शाळेला सुट्टी लागलेली. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज भेटलेले असतात, आणि पुण्या-साताऱ्याकडे तर मान वर केली की कुठला ना कुठला गड दिसतोच. हात मोकळे, माती तयार आणि डोक्यात महाराज, मग मुलं दुसरं काय बांधणार? मोठ्या माणसांचं घर रंगवणं, फराळ करणं चालू असतं, तेव्हा अंगणाचा एक कोपरा मुलांच्या मालकीचा होतो. तोच किल्ला. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. त्या बाराही किल्ल्यांची नावं ईशानला वाचून दाखव. त्याचा किल्ला कुठला, हे मात्र त्यालाच ठरवू दे.

बांधायची रीत तुला आठवत असेल, तरी लिहिते. दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौलं यांचा ढीग रचायचा. जुनं गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर टाकायचं. गोणपाटाच्या चुण्या पडतात ना, तेच कडे आणि घळी. त्यावर माती लिंपायची, तट आणि बुरूज उभे करायचे, काडीने पायऱ्या कोरायच्या, गेरूने वाट रंगवायची. माथ्यावर सिंहासन, तटावर मावळे, पायथ्याला गवळण, विहीर, शेत. गुहेत वाघ हवाच. मुलं त्यात प्लास्टिकचा ट्रक आणि क्रिकेटचा खेळाडूही उभा करतात. करू देत. किल्ला त्यांचा आहे, तिथे कोण राहायला येणार ते त्यांनीच ठरवायचं.

खरी गंमत अडचणी येतात तिथे आहे. दरवाजा सरळ समोर ठेवला, तर एखादा मुलगा म्हणतोच, “शत्रू थेट आत येईल की!” मग वाट वळवायची. रायगडाचा महादरवाजा असाच दोन थोरल्या बुरुजांच्या आड आहे. वाट वळते आणि वर चढणारा दोन्हीकडून माऱ्यात सापडतो. पुस्तकात हे वाचून मुलं विसरतात. स्वतःच्या हाताने वाट वळवली, तर रायगडावर गेल्यावर आपणहून दाखवतात. पाण्याचंही तेच. वर तळं खणून पाणी ओतलं की ते जिरतं आणि सगळा उतार खचतो. मग कोणी करवंटी पुरतं, कोणी जुनी थाळी. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांविषयी लिहिताना हेच बजावलं आहे: आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. राजगडावरचं पद्मावती तळं, रायगडावरचा गंगासागर ही काही शोभेची कामं नव्हती. वेढा महिनोन्‌महिने चालायचा आणि पाण्याशिवाय गड टिकायचा नाही. सात वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याचं तळं आटलं की त्याला कळतं.

आता हळीव. तुझ्या बाळंतपणात मी ज्याचे लाडू पाठवले होते, तेच. किल्ल्यावर हिरवळ उगवते ती त्याची, आणि ते निवडण्यामागे नेमकं कारण आहे. हळिवाचा दाणा भिजला की त्याभोवती बुळबुळीत, चिकट आवरण फुगतं, त्यामुळे तो उभ्या चढावरही चिकटून राहतो. मोहरी घरंगळते, हळीव घरंगळत नाही. आधी भिजवून ठेवलंस तर गोळे होतात, म्हणून कोरडंच, ओल्या मातीवर विरळ भुरभुरव आणि वर ओला कागद झाक. इथे दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. तुमच्याकडे गारठ्यात थोडा जास्त वेळ लागेल. तिथे ते ‘क्रेस’ या नावाने बियाणांच्या दुकानात मिळतं. ईशानच्या शाळेत ओल्या कापसावर किंवा अंड्याच्या कवचात त्याची रोपं वाढवली असतील, तर त्याला सांग, हे तेच.

तुला वाटेल, मावशी आपलंच कौतुक सांगते आहे. म्हणून डेन्मार्कची गोष्ट ऐक. सोरेनसेन नावाचे तिथले एक उद्यानरचनाकार होते. त्यांनी स्वतः मुलांसाठी क्रीडांगणं आखली होती, पण मुलं तिथे न खेळता घरं बांधायचं काम चालू असेल तिथल्या फळ्या, विटा आणि मातीत जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते मनापासून मान्य केलं आणि टाकाऊ सामानाचं क्रीडांगण असावं, अशी कल्पना १९३१मध्ये मांडली. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रूप भागात असं क्रीडांगण सुरू झालं. महायुद्धानंतर लेडी ॲलन ऑफ हर्टवूड या इंग्रज बाईंनी ते जाऊन पाहिलं, त्यावर लिहिलं आणि लंडनमध्ये चळवळ उभी केली. बॉम्बनी पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांवर मुलं खड्डे खणू लागली, खोपटी बांधू लागली. त्या धाटणीची क्रीडांगणं तुझ्या शहरात अजून आहेत, ईशानला एकदा ने. खेळण्याचा आकार आधीच ठरलेला नसला की मूल तासन्‌तास रमतं, हे त्या लोकांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. आमच्या अंगणात ते दर दिवाळीला दिसतं. म्हणूनच हल्ली बाजारात तयार किल्ले विकायला ठेवतात, ते बघून मला वाईट वाटतं. मुलाच्या वाट्याचं सगळं काम त्यात कोणीतरी आधीच करून टाकलेलं असतं.

तुझ्यापुरतं सांगायचं तर खर्च जवळजवळ नाहीच. लंडनची माती चिकण आहे, किल्ल्याला उत्तम. भाड्याचं घर आहे, तेव्हा हिरवळ उकरू नकोस. फरशीवर जाड प्लास्टिक अंथर, वाफ्यातली थोडी माती घे आणि कुंड्यांमधली जुनी माती त्यात मिसळ. गोणपाट नसेल तर जुना टॉवेल चालेल. ऑक्टोबरमध्ये बागांत हॉर्स चेस्टनटच्या बिया पडलेल्या असतात, त्यांचे तोफगोळे छान होतील. त्या खायच्या मात्र नाहीत, हे त्याला बजाव. कारंजं हवं असेल तर बाटली उंचावर टांगायची आणि तिला फिशटँकची बारीक नळी जोडून किल्ल्याच्या पोटातून वर काढायची. बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा कारंजं उंच का उडत नाही, हे त्याचं त्याला शोधू दे. माती चाळताना काच-खिळे बघ, खेळून झालं की साबणाने हात. बाकी तू लांब खुर्ची टाकून बस. बुरूज वाकडा झाला तरी सरळ करायला उठू नकोस.

पाऊस आला तर वर छत्री धरू नका. ढासळलं तर पुन्हा बांधायला त्याला आवडेलच. मुलांना बांधण्यात रस असतो, राखण्यात फारसा नाही.

कुंभारवाड्यातून चित्रं आणून ठेवली आहेत: महाराज, चार मावळे आणि एक वाघ. मातीची आहेत, पोस्टाने पाठवली तर फुटतील. तुझ्या नणंदेचं पुढच्या महिन्यात तिकडे येणं आहे, तिच्या हातबॅगेत कापसात गुंडाळून देते. तोवर ईशानला कणकेचे मावळे करायला बसव, आणि गेरू तिकडे मिळतो का ते कळव, नाहीतर त्याचीही पुडी बरोबर देईन.

तुझी,
मावशी