तीन कादंबऱ्यांचा निकाल

सबमिशन जवळ आलं, की हॉस्टेलवर प्रत्येकाला अवांतर वाचनाचा झटका येतो. मागच्या महिन्यात मलाही आला! तीन कादंबऱ्या झाल्या, फाईल तशीच. तर मंडळी, हा निकाल, दहापैकी:

टोल्किनची ‘द हॉबिट’ (१९३७) – ८. घर सोडायला नाखूश असलेला बिल्बो तेरा बुटक्यांबरोबर खजिन्याच्या मोहिमेवर निघतो. होमसिक एफईवाल्यांनी जरूर वाचावी.

डायना विन जोन्सची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) – ७. शापामुळे म्हातारी झालेली सोफी एकदम फटकळ बोलायला लागते. व्हायवाआधी असा शाप मिळाला तर काय बहार येईल!

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) – ९. रूममेट म्हणाला, “मुलींचं पुस्तक!” पण वडिलांच्या मागे घर ज्याच्याकडे जाणार, त्या कॉलिन्सला एलिझाबेथ चक्क नकार देते. सध्या घरी ताईसाठी स्थळं बघताहेत. मुलाचं पॅकेज सगळे विचारतात, ताईचं मत कुणीच विचारत नाही. ड्रॅगनच्या गुहेत शिरण्यापेक्षा चारचौघांत ‘नाही’ म्हणायला जास्त हिंमत लागते, हे एलिझाबेथमुळे कळलं. पुस्तक ताईला पाठवलंय. उरलेला एक मार्क तिने द्यायचा.