श्रेयनामावलीतून पुसलेले नाव

१/१४
जुना कागद हाती आला की इतिहासाचा अभ्यासक आधी दोन प्रश्न विचारतो : हा कागद कोणाचा, आणि तो अस्सल आहे का? चित्रपटाची श्रेयनामावली हेही एक समकालीन साधनच. परंतु १९५० च्या दशकातील अमेरिकन चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांत ‘पटकथा’ या शब्दापुढे जे नाव दिसते, त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. असे का झाले, हे रिंग लार्डनर ज्युनिअर या पटकथाकाराच्या कारकिर्दीवरून नीट समजते.

२/१४
जन्म १९ ऑगस्ट १९१५, शिकागो. वडील रिंग लार्डनर हे अमेरिकेतील ख्यातनाम विनोदी लेखक. प्रिन्स्टन विद्यापीठ अर्ध्यावर सोडून आणि न्यूयॉर्कमध्ये काही काळ वार्ताहराचे काम करून धाकटे लार्डनर हॉलिवूडला आले. मायकेल कॅनिन यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘वुमन ऑफ द इयर’ १९४२ मध्ये पडद्यावर आला. कॅथरिन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी ही जोडी त्यात प्रथमच एकत्र झळकली. १९४३ मध्ये या पटकथेला ऑस्कर मिळाले, तेव्हा लार्डनर अवघे २७ वर्षांचे होते.

३/१४
हा काळ महामंदीच्या आणि फॅसिझमच्या सावटाखालचा. अनेक तरुण लेखकांप्रमाणे लार्डनरही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. पटकथाकारांच्या संघटनेतही ते सक्रिय होते. त्यांचे बंधू जेम्स स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढताना १९३८ मध्ये मारले गेले. लार्डनर यांच्या घरात राजकारण ही केवळ चर्चेपुरती गोष्ट नव्हती.

४/१४
महायुद्ध संपले आणि वारे फिरले. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांविषयीच्या समितीने हॉलिवूडची चौकशी आरंभली. अध्यक्ष होते जे. पार्नेल थॉमस. ३० ऑक्टोबरला लार्डनर साक्षीला उभे राहिले. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात किंवा होता काय, या प्रश्नावर त्यांनी दिलेला जबाब पुढे गाजला. उत्तर देणे अशक्य नाही. पण दिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचाच तिटकारा येईल, असा त्याचा आशय होता. थॉमस यांनी त्यांना साक्षीच्या जागेवरून हटविले.

५/१४
उत्तरे नाकारणारे असे दहा जण ‘हॉलिवूड टेन’ म्हणून ओळखले गेले. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. त्याच सुमारास बड्या चित्रसंस्थांचे चालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमले आणि या दहांना काम न देण्याचे त्यांनी जाहीर केले. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स’मधील लार्डनर यांची नोकरी गेली.

६/१४
शिक्षा एक वर्षाची. १९५० मध्ये त्यांना कनेक्टिकट राज्यातील डॅनबरीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे आधीपासून एक ओळखीचा कैदी होता : जे. पार्नेल थॉमस! कर्मचाऱ्यांच्या खोट्या नेमणुका दाखवून सरकारी पैसा लाटल्याबद्दल समितीच्या या माजी अध्यक्षांना शिक्षा झाली होती. स्वतःवरील आरोपांच्या चौकशीत त्यांनीही संविधानाचा आधार घेऊन उत्तरे देण्याचे नाकारले होते. तुरुंगात त्यांच्याकडे कोंबड्यांची देखभाल होती.

७/१४
येथे एक मुद्दा ध्यानात घ्यावा. ‘काळी यादी’ कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नव्हती. भीती हाच तिचा आधार होता. म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. यादीतून सुटण्याची वाट मात्र सर्वांना ठाऊक होती : समितीपुढे जावे आणि जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगावीत. दहांपैकी दिग्दर्शक एडवर्ड दिमित्रिक यांनी तुरुंगवासानंतर १९५१ मध्ये हाच मार्ग पत्करला आणि त्यांना पुन्हा काम मिळाले. ज्यांनी इतरांची नावे सांगितली नाहीत, त्यांचे स्वतःचे नाव गेले.

८/१४
हे ‘नाव जाणे’ अक्षरशः घडले. समितीपुढे स्वतःची ‘शुद्धी’ करून न घेणाऱ्या लेखकाचे नाव पडद्यावरून वगळण्याची मुभा १९५२ मध्ये खुद्द पटकथाकारांच्या संघटनेनेच चित्रसंस्थांना दिली. लेखकाला त्याच्या लेखनाचे श्रेय मिळवून देणे, हे ज्या संघटनेचे प्रमुख काम, तिनेच ही तडजोड केली.

९/१४
मग परस्परांच्या नावाआड लिहिणे सुरू झाले. ‘रोमन हॉलिडे’ची कथा डाल्टन ट्रम्बो यांची, पडद्यावर नाव आले ते त्यांचे मित्र इयन मॅक्लेलन हंटर यांचे. त्या कथेला ऑस्करही मिळाले. पुढे हंटर यांचेच नाव काळ्या यादीत गेले आणि लार्डनर व हंटर यांनी एकत्र लेखन सुरू केले.

१०/१४
त्यांना काम दिले हॅना वाइनस्टीन या निर्मातीने. अमेरिका सोडून तिने इंग्लंडमध्ये ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ ही मालिका उभी केली. सप्टेंबर १९५५ मध्ये ती ब्रिटनच्या ‘आयटीव्ही’वर आणि अमेरिकेच्या ‘सीबीएस’वर सुरू झाली, एकूण १४३ भाग झाले. तिच्या लेखनात काळ्या यादीतील अनेक अमेरिकन लेखकांचा हात होता. लार्डनर व हंटर न्यूयॉर्कमध्ये बसून लिहीत आणि संहिता समुद्रापार पाठवीत.

११/१४
टोपणनावांचीही एक अडचण होती. एकाच नावावर पुष्कळ चांगले भाग आले, तर या गुणी लेखकाला भेटू द्या, असे अमेरिकेतील खरेदीदार म्हणण्याचा धोका असे. म्हणून नावे सतत बदलत राहिली. चांगले लिहावे, पण त्या नावाचा लौकिक होऊ देऊ नये, अशी ती कसरत होती.

१२/१४
मालिकेचा विषय पाहा. अन्यायी सत्तेने बहिष्कृत केलेला नायक, जंगलात एकमेकांना धरून राहणारे सोबती, आणि विश्वासघाताची टांगती तलवार. आयझेनहॉवर यांच्या अमेरिकेविषयी काही बोलण्याची संधी या मालिकेने दिली, असे लार्डनर पुढे सांगत. ज्या देशाने त्यांना वाळीत टाकले, त्याच देशातील मुले त्यांनी लिहिलेला रॉबिन हूड घरोघर पाहत होती.

१३/१४
१९६५ च्या ‘द सिनसिनाटी किड’वर अखेर त्यांचे नाव झळकले. १९७० मध्ये ‘मॅश’ आला. विषय कोरियन युद्धाचा. ते युद्ध पेटले त्याच वर्षी लार्डनर तुरुंगात गेले होते. या पटकथेला १९७१ मध्ये ऑस्कर मिळाले. दर २८ वर्षांनी एक, असा क्रम आता बसला आहे, अशी कोटी त्यांनी तेव्हा केली. गंमत अशी, की या चित्रपटातील बरेच संवाद चित्रीकरणाच्या वेळी बदलले गेले होते. म्हणजे जेथे नाव खरे होते, तेथेही श्रेयनामावली संपूर्ण हकीकत सांगत नव्हती.

१४/१४
३१ ऑक्टोबर २००० रोजी लार्डनर निवर्तले. ‘दहा’पैकी ते अखेरचे. तोवर संघटनेने अनेक चित्रपटांची श्रेये दुरुस्त केली होती. ‘रोमन हॉलिडे’चे ऑस्कर १९९३ मध्ये ट्रम्बो यांच्या पत्नीकडे सुपूर्द झाले होते. पण गेलेली वर्षे दुरुस्त होत नाहीत. ऐन उमेदीतली कित्येक वर्षे लार्डनर यांचे नाव हॉलिवूडच्या पडद्यावर आले नाही. त्या दशकातील एखाद्या चित्रपटावर वा मालिकेवर अनोळखी लेखकाचे नाव दिसले आणि त्या नावाचा माणूस अन्यत्र कोठेच सापडला नाही, तर अभ्यासकाने तेथे थांबावे. शोध तेथूनच सुरू होतो.