गाडी डोळा मारते

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. ताई गेल्यापासून तीन वर्षांतला पहिलाच! म्हणाला, १९९० ची माझदा मियाटा घेतलीय. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे वर येतात. पण डावा अर्धाच उघडून थरथरतो. बघणाऱ्याला वाटावं, गाडी डोळा मारतेय!

"मामा, काय करू?"

आता मी पडलो बँकेतला कारकून. लोकांची खाती सोडून आयुष्यात काही उघडलेलं नाही. तरी वाकोल्यातल्या आमच्या गॅरेजवाल्याला व्हिडिओ दाखवला.

"मोटर ठीक आहे, साहेब. दांड्याच्या सांध्यातलं प्लॅस्टिकचं बुश झिजलंय."

भाच्यानं बुश बदललं, डोळा टक्क उघडला. त्यानंतर फोन नाही.

मी मात्र रोज हिशेब मांडतोय, उजव्याचं बुश कधी झिजेल?