मापाची नौका

महासागरात राहण्यासाठी एखाद्याने स्वतःच्या मापाने बांधून घेतलेली शिडाची नौका विक्रीस निघते, तेव्हा तिची जाहिरात वाचण्यासारखी असते. लांबी, वजन, शिडे किती, इंजिन किती तास चालले, गोड्या पाण्याच्या टाक्या केवढ्या, हे सारे क्रमाने येते. पुढे मात्र मालकाचे मन डोकावू लागते. ओट्याची उंची अमुक इतकी का, नकाशांचे मेज डाव्या अंगाला का, हे तो सांगू लागतो. आणि जाणकार ग्राहक तेवढ्या ओळी वगळून किमतीकडे जातो. ग्वाल्हेरीस बसून हे वाचणारा मनुष्य विक्षिप्तच म्हणावा. माझा भाचा व्यापारी जहाजावर आहे, त्याने हा नाद लावला.

तसे पाहिले तर जहाजांच्या खरेदी-विक्रीशी आपल्या गावाचा संबंध जुनाच आहे. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज १९१४ च्या अखेरीस माधवराव महाराज शिंद्यांनी विकत घेतले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले आणि महायुद्धातील हिंदी जखमींसाठी त्याचे रुग्णालय केले. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ते घेतले व नव्या कंपनीस शिंद्यांचेच नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले; राष्ट्रीय सागरी दिन आपण पाळतो तो त्या दिवसाचा. चार वर्षांत जहाज मोडीत गेले. नाव मात्र टिकले.

पण ते मोठे आगबोटीचे प्रकरण. एका माणसाच्या मापाची नौका निराळी. तिला जड, खोल कणा लागतो, म्हणजे लाटेने आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते. सुकाणूपाशी बसण्याची जागा आखूड असावी आणि तीत शिरलेले पाणी आपोआप निघून जावे. खाली हाताला जागोजागी धरायला काही हवे, झोपताना बाहेर फेकले जाऊ नये म्हणून कडेला कापडी पडदा हवा, आणि वाऱ्याच्या दिशेवर स्वतःच सुकाणू राखणारे पाते हवे, कारण एकट्या खलाशाला झोपावे लागते. यांतील पुष्कळसे बंदरातून पाहिल्यास दिसतही नाही. घेणारा पाहणीदार आणतो. तो हातोडीने कवचावर टकटक करीत फिरतो आणि आवाजावरून आतला ओलावा ओळखतो. मालकाने स्वतःच्या सोयीसाठी जे जे करून घेतले, त्याचे दाम सहसा कोणी देत नाही. उलट, ते बदलायचा खर्च किमतीतून वजा होतो.

अशा अडलेल्या विक्रीचे सर्वांत नामांकित उदाहरण मुंबईत जन्मले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील तरुण अधिकारी. त्याने कुलाब्यास सागवानाची बत्तीस फुटी ‘सुहेली’ बांधून घेतली. मागवलेल्याहून जुन्याच घडणीचे आराखडे विलायतेहून आले, त्यावरच काम सुरू झाले. आपल्या सुतारांनी वाकसाने फळ्या तासल्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. पुढे न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे त्याच्या मनात आले, तेव्हा त्याला मोठी, नवी, पोलादी नौका हवी होती आणि तीसाठी सुहेली विकायची होती. ना विक्री जमली, ना पैसे देणारा मिळाला. मग तो होती तीच घेऊन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला. शर्यतीत नऊजण होते. २२ एप्रिल १९६९ रोजी परतला तो हा एकटाच, तीनशे बारा दिवसांनी. त्या वेळी एखादा बरा गिऱ्हाईक भेटता, तर कुलाब्याच्या सुतारांचे काम आज कोणाला आठवले असते?

आपल्याकडे ही गोष्ट पुढे नेली ती व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस, समुद्रापासून दूरच, राहणाऱ्या या दर्यावर्दीने भारतीय माणसाच्या एकट्याच्या प्रदक्षिणेची कल्पना नौदलापुढे मांडली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. छप्पन्न फुटांची, डच आराखड्याची, लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे कवच. अशी नौका त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती, हे मला त्या कामाइतकेच विलक्षण वाटते. १९ ऑगस्ट २००९ ला दिलीप दोंदे तीतून निघाले आणि चार मुक्काम करून १९ मे २०१० ला मुंबईस परतले. नंतर अभिलाष टॉमींनी तीच नौका मुक्कामाविना फिरवून ३१ मार्च २०१३ रोजी परत आणली. दांडेकरांच्याच कारखान्यात सुहेलीची प्रतिकृती ‘थुरिया’ घडली. २०१८ च्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींची पाठही. पुढल्या खेपेस, २०२३ मध्ये, ते दुसरे आले ते एका ठरीव घडणीच्या रस्टलर ३६ मधून. तेव्हा मापाची नौकाच श्रेष्ठ, असा हट्ट मी धरीत नाही.

हे सारे मनात घोळण्यास घरचे कारण आहे. लष्करातील आमचा वाडा भावंडांनी विक्रीस काढायचे ठरवले आहे. आजोबांनी आजीच्या उंचीने फडताळे करून घेतली, माजघरातील खुंट्या तिच्या हाताच्या. येणारे गिऱ्हाईक जमिनीचे वर्गफूट विचारते. फडताळांकडे पाहतही नाही. धाकट्या भावाचे म्हणणे की वाडा वारसा म्हणून जपावा, आहे तसा बंद ठेवावा. मला ते पटत नाही. सुहेलीलाही ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात १९९७ साली मानाने ठेवले होते. तिथल्या नियंत्रित कोरड्या हवेत सागवानाच्या फळ्या आक्रसू लागल्या, सांधे उघडू लागले. २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढले, दुरुस्त केले, आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात नेऊन सोडले.

भावाला मी हे लिहून कळवले आहे. वाड्यात राहायला कोण येणार, एवढेच त्याने उलट विचारले आहे.