शांघायला कोणाची पोरं गेली होती?

परवा चहाच्या टपरीवर टीव्हीवरची चर्चा रंगली होती. परदेशातल्या माणसांच्या रक्षणासाठी लष्कर पाठवावं की नाही. "पाठवा की, नाहीतर पोसलंय कशाला!" एक जण म्हणाला. मी पण मान हलवली, खरं सांगतो. शेजारी आमच्या गावचे निवृत्त सुभेदार बसले होते. १९८७ ला श्रीलंकेत होते ते. म्हणाले, "आम्हाला विमानात बसल्यावर कळलं, कुठं चाललोय ते." अन् उठून गेले.

मला १९२७ आठवलं. शांघायमध्ये तेव्हा 'आंतरराष्ट्रीय वसाहत' होती. जमीन चीनची, कारभार इंग्रज आणि इतर परक्या व्यापाऱ्यांचा. राहणारे बहुतेक चिनी, पण नगर कौन्सिलवर एकही चिनी नाही. ३० मे १९२५ ला तिथल्या पोलिसांनी चिनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्या पोलिसांत आपले शीखही होते, हे वाचताना बरं वाटत नाही. जानेवारी १९२७ मध्ये हांकौची इंग्रज वसाहत जमावानं घेतली आणि लंडन घाबरलं. बाल्डविनच्या मंत्रिमंडळानं शांघायला फौज पाठवायचं ठरवलं. त्यातली एक ब्रिगेड हिंदुस्थानातून गेली. त्यात पंजाबी पलटणी.

भीती अगदीच खोटी नव्हती. त्याच मार्चमध्ये नानकिंगला काही परदेशी मारले गेले. माझा मुद्दा वेगळाय.

दिल्लीत नवं संसद भवन १८ जानेवारी १९२७ ला उघडलं होतं. रंग सुद्धा वाळला नसेल. आपल्या लोकप्रतिनिधींना फौजेवर सभा-तहकुबीची चर्चा हवी होती. व्हाइसरॉय आयर्विननं ती होऊच दिली नाही. लष्कराच्या खर्चावर तर सभागृहाला मतच नव्हतं. म्हणजे वसाहत इंग्रजांची, शहर चीनचं, जीव पंजाबातल्या शेतकऱ्याच्या पोराचा, आणि त्या पोराच्या देशाला बोलायची बंदी! फेब्रुवारीत ब्रुसेल्सच्या परिषदेत जवाहरलाल नेहरू आणि चिनी प्रतिनिधींनी मिळून मागणी केली, हिंदी फौज चीनमधून परत घ्या.

ते गोऱ्यांचं राज्य होतं, ठीक. पण १९८७ ला? २९ जुलैला करार झाला, लगेच फौज निघाली. संसदेत आधी मतदान नाही. साधारण बाराशे जवान गेले त्यात. फौज बाहेर पाठवण्याआधी संसदेचं मत घेतलंच पाहिजे असा कायदा आजही आपल्याकडे नाही. खासदार साहेब पुढच्या आठवड्यात तालुक्याला येतायत. रस्ता, पाणी विचाराच, पण हे पण विचारा. मी विचारणारे.

आमच्या वेशीवर पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून किती गेले, किती मेले, एवढे दोन आकडे. नावं नाहीत.

काल सुभेदारांना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तो दगड धुवायला पाहिजे रे, शेवाळ धरलंय."

रविवारी सकाळी सातला जातोय. येणाऱ्यांनी ब्रश आणा.