अब्बांचा बांबू

बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत अम्मीने कुंड्यांत कोथिंबीर आणि कारलं लावलं आहे. कारल्याच्या वेलाला अब्बांच्या कामातले जुने बांबू आधाराला आहेत. अब्बांनी चाळीस वर्षं मंडप बांधले. काम सुटल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्यांना फारसं काही विचारत नाही.

गेल्या रविवारी फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर पिवळा, काळ्या नक्षीचा किडा बसला होता. धाकटी ओरडली, "मम्मी, गांधीलमाशी!" मी चप्पल उचलली.

"थांब," अब्बा म्हणाले, "बांबूतला किडा आहे तो."

"अब्बा, मी शिक्षिका आहे. एवढं कळतं मला," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

ते उठले. एक बांबू फिरवून त्यांनी दाखवला. पेराजवळ भोक होतं, खाली बारीक भुसा. मग मी किड्याकडे नीट पाहिलं. गांधीलमाशीची बारीक कंबर नव्हती. पाठीवर कडक कवच, डोक्यावर लांब मिशा. तो भुंगेरा होता!

रात्री पुस्तकं काढली. क्लोरोफोरस ॲन्युलॅरिस हे त्याचं नाव. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या या कुळात ३५ हजारांहून अधिक जाती आहेत. आंब्याला लागणारा भिरूडही त्यातलाच. याची अळी तोडलेला बांबू आतून खात वाढते. मोठा झाला की भुंगेरा बाहेर पडतो आणि फुलांवर येतो. त्याला नांगी नाही. गांधीलमाशीसारखं दिसणं हीच अल्लाहने त्याला दिलेली ढाल. बांबूच्या सामानातून तो युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचला आहे.

"कीड लागू नये म्हणून तुम्ही काय करायचात, अब्बा?"

"कोवळा बांबू घ्यायचा नाही. तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा."

पुस्तकातही तेच होतं. पाण्यात बांबूतली साखर आणि पिष्ट कमी होतं, म्हणजे किड्याचं अन्नच कमी होतं. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. हे इल्म त्यांच्या हातात होतं, बी.एड. झालेल्या मुलीने ते कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी तो बांबू मी आठवीच्या वर्गात नेला. माझी चूकही मुलांना सांगितली. एकाने विचारलं, "टीचर, तुमच्या अब्बांना आणाल?"

घरी येऊन मी निरोप दिला. अब्बा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स घेतली, तर इस्त्रीचा कुर्ता घालून ते दारात उभे होते.